रवीतली खोट

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो. माती मी आयुष्यात पुष्कळ वेळा खाल्ली आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ही जी सांगतोय ना, ती मी भर हायवेच्या कडेला, चार गिऱ्हाइकांच्या देखत खाल्ली. आणि त्याला साक्षीदार म्हणून एका म्हातारीला डोंगरावरून मुद्दाम खाली आणलं. स्वतःच्या फजितीची एवढी जय्यत तयारी कोणी केलेली ऐकलीय का तुम्ही?

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. मुंबईतली गोदामातली बारा वर्षांची नोकरी सोडून मी पोलादपूरला घरी परत आलो होतो आणि एक जुनी जीप घेतली होती. चारही चाकांना जोर देणारी. जुनी म्हणजे किती जुनी? शाळेत असतो तर आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो असतो. हूड तीन ठिकाणी शिवलेलं, आणि डाव्या दाराला दार म्हणायचं ते केवळ सवयीनं. पण चढावर तिच्यासारखी गाडी आमच्या तालुक्यात नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

उमरठच्या वरच्या अंगाला, पार माथ्यावर एक धनगरवाडा आहे. वीसेक घरं, आणि माणसांपेक्षा म्हशी जास्त. एसटी तिथं कधी गेली नाही. टेम्पोवाले पहिल्या चढावरूनच तोंड फिरवायचे. वाड्यातल्या बायका दुधाच्या किटल्या डोक्यावर घेऊन दोन तास डोंगर उतरायच्या आणि रिकाम्या किटल्या घेऊन तेवढाच पुन्हा चढायच्या. पावसाळ्यातसुद्धा. माझी जीप आली आणि ते थांबलं. मी सकाळी वर जायचं, भरलेले कॅन घ्यायचे आणि पोलादपूरच्या दूध केंद्रावर आणून पोचवायचे. एवढंच माझं काम, पण वाड्यावर माझा मान जावयासारखा होता. गेल्या गेल्या चहा, आणि तोही निव्वळ दुधाचा.

ह्या गोष्टीत दोन माणसं महत्त्वाची आहेत, ती आधीच सांगून ठेवतो, नाहीतर माझ्यासारखा तुमचाही घोटाळा व्हायचा.

पहिली ठकूआजी. वाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई. वय तिचं तिलाही माहीत नव्हतं. कोणाची म्हैस चुकली की लोक आधी हिच्या दारात. ही उंबऱ्यावर बसायची, डोळे मिटायची, जरा वेळ काही बोलायची नाही आणि मग म्हणायची, पल्याडच्या ओहोळात हाय, जा. आणि म्हैस तिथंच उभी असायची! तिला दिसतं, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. बारा वर्षं मुंबईत राहिलो म्हणून काय झालं, असल्या बाबतीत मी गावात कोणाला हार जाणारा नव्हतो.

दुसरा रवी. हायवेच्या कडेला त्याचं पत्र्याच्या शेडचं गॅरेज. आधी महाडच्या औद्योगिक वसाहतीत मशिनं दुरुस्त करायला होता, ते सोडून इथं आला. हाताला देवाचं देणं, आणि तोंडाला कुलूप. तुम्ही त्याला गाडीच्या आजाराची साद्यंत कहाणी सांगावी, तो शेवटी एकच शब्द बोलणार, “बघतो.” माझा चांगला दोस्त. त्या वर्षी गणपतीच्या आधी त्यानं माझ्या जीपच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस नवे घातले होते. शाफ्ट म्हणजे गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे जाणारा लांब लोखंडी दांडा. इंजिनाचा जोर तोच मागं नेतो. त्याच्या दोन टोकांना जे फिरते सांधे असतात, ते क्रॉस. झालं, याहून जास्त यंत्रविद्या तुम्हाला लागणार नाही. मलाही तेव्हा एवढीच येत होती.

मग दसरा आला. खंडेनवमीला हत्यारांची, गाड्यांची पूजा. लोक गाडीवर बादलीभर पाणी ओततात, झेंडूची माळ घालतात आणि मोकळे होतात. मी तसा नाही. वर्षभर जी आपल्याला डोंगर चढवते तिला नुसतं वरवर धुवायचं? मी जीप घरामागं घेतली, खाली पोतं अंथरलं आणि दोन दिवस तिच्या पोटाखाली राहिलो. तो शाफ्टसुद्धा सोडवून बाहेर काढला, रॉकेलनं लख्ख धुतला आणि त्याला चंदेरी रंगाचे दोन हात दिले. घरची म्हणाली, “तो खाली असतो ना? बघायला कोण जाणार?” मी म्हटलं, देवाला सगळं दिसतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वाड्यावर निघालो. गाडी चाळीसच्या पुढं गेली आणि बुडाखाली काहीतरी थरथरायला लागलं. सीट थरथरते, स्टिअरिंग थरथरतं, माझ्या खिशातल्या किल्ल्या वाजतायत. चढाला लागल्यावर तर असा घूं घूं आवाज की मागं कोणी पाटा-वरवंटा घेऊन बसलंय की काय वाटावं. म्हटलं, रस्ता खराब आहे. रस्ता खराबच होता, म्हणून ते मला पटलंही.

कॅन घेऊन खाली आलो. केंद्रावरच्या माणसानं पहिल्या कॅनचं झाकण उघडलं, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. झाकणाला आतून लोणी चिकटलेलं. दुधावर लोण्याचे बारीक रवे तरंगतायत. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात तासभर हादरलेलं दूध. त्यानं शांतपणे विचारलं, “दूध आणायला सांगितलं होतं. हे करून कशाला आणलंत?”

दूध परत.

आता एखादा शहाणा माणूस असता तर त्यानं त्या क्षणी गाडीखाली वाकून पाहिलं असतं. मी म्हशींवर संशय घेतला. दुसऱ्या दिवशी वाड्यावर जाऊन बायकांना विचारलं, म्हशींना नवीन काही चारा घालता का? सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी विषय बदलला. मग म्हटलं, कॅन नीट भरत नसाल, मोकळी जागा राहिली की दूध हिंदकळतं. कॅन गळ्यापर्यंत भरले. तरी लोणी. मग कॅनखाली गोणपाट, गोणपाटाखाली पेंढा. तरी लोणी! चौथ्या दिवशी तर केंद्रावरच्या माणसानं मला लांबूनच परत जायची खूण केली, झाकण उघडायच्या आधीच.

तोवर मला कळून चुकलं होतं की दोष जीपचा आहे, आणि मी स्वतःच तपासाला लागलो. रवीकडे का गेलो नाही? तेच सांगतोय, धीर धरा.

मी आधी इंजिनाचा तपास केला. सपाट रस्त्यावर वेग घेतला, गाडी न्यूट्रलला टाकली, इंजिनाचा आवाज खाली आला. थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष. हा शोध लागला तेव्हा मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी तसाच पुढं आंबेनळी घाटाच्या दोन वळणांपर्यंत जाऊन आलो. मग चाकं. महाडला जाऊन चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं, पुढची मागं, मागची पुढं. थरथर तशीच. इंजिनाखालचे रबर बदलले, गिअरबॉक्सखालचे बदलले. थरथर तशीच, उलट आता रबर नवे असल्यामुळे जास्त स्पष्ट ऐकू यायला लागली.

मग उरलं काय? शाफ्ट. आणि शाफ्टला हात कोणी लावला होता? रवीनं. क्रॉस कोणी बसवले? रवीनं. बघा, किती सरळ हिशोब. त्या हिशोबात दसऱ्याचे दोन दिवस कुठं गेले म्हणाल, तर ती पूजा होती. पूजेत कोणी चूक धरतं का?

पण रवी माझा दोस्त. तोंडावर कसं म्हणायचं? म्हणून मी त्याच्या गॅरेजवरून जाताना मान दुसरीकडे वळवायला लागलो. त्यानं दोनदा हात केला, मी दोनदा रस्त्याकडे बघत राहिलो.

तिकडे केंद्रावरचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला की आणखी एकदा असं दूध आलं तर वाड्याचं खातंच बंद करावं लागेल, वरून बोलणी बसतात. त्या दिवशी सगळे कॅन परत घेऊन मी वर गेलो. बायकांनी कॅन उतरवून घेतले. ठकूआजीची सून जनी ओट्यावर बसून जुन्या लुगड्याच्या पट्टीची चुंबळ वळत होती. डोक्यावर किटली ठेवायची चुंबळ. शेजारच्या दोघींच्या वळून झाल्या होत्या.  पुन्हा दोन तास उतरायचं आणि दोन तास चढायचं, ह्या सगळ्या जणींनी, आणि ते माझ्या गाडीपायी. त्या दिवशी मी चहालाही थांबलो नाही.

मी आपला खाली मान घालून निघालो, तर जनी जीपपाशी आली.

“दादा, म्हातारीनं निरोप दिलाय.”

“काय म्हणते?”

“म्हंते, खोट म्हशीत नाय, न् कॅनात नाय. खोट रवीत हाय. रवी बगायला सांग म्हंते त्याला.”

माझ्या अंगावर काटा आला. खरंच सांगतो, सर्रकन काटा आला. मी रवीचं नाव वाड्यावर कधी काढलं नव्हतं. आजी त्या वर्षात डोंगर उतरली नव्हती. रवी कधी वर आला नव्हता. मी मनातला संशय घरीसुद्धा बोललो नव्हतो, आणि ही म्हातारी उंबऱ्यावर बसून नाव घेऊन सांगते!

“रवीत? मला वाटलंच होतं,” मी म्हटलं. जनीला बरं वाटलं, मला कळलं म्हणून. “पण तिला समजलं कसं?”

“कसं म्हंजे? लोनी बगून.”

लोणी बघून! तुम्हीच सांगा, एखाद्या म्हातारीनं बोटावर लोणी घेतलं आणि त्यात हायवेवरच्या मेकॅनिकचं नाव वाचलं, तर तुमचं काय होईल? मी जीपमधूनच तिच्या घराच्या दिशेनं हात जोडले. डोंगर उतरताना माझे डोळे भरून आले होते. इतकी सिद्धी माझ्या दूधमार्गावर राहत होती आणि मी तिला रोज नुसतं “काय आजी, बरं हाय ना?” एवढंच विचारत होतो.

तसाच थेट रवीच्या शेडवर. तिथं चार गिऱ्हाइकं होती. एक टेम्पोवाला तर किल्ली रवीच्या हातात देण्याच्या बेतात होता. मी उतरलो आणि सगळ्यांच्या देखत बोललो. काय काय बोललो ते आता आठवू नये असं वाटतं. गणपतीला क्रॉस घातलेस तेव्हाच काहीतरी कमी केलंस, वीस घरांचं दूध नासवलंस, बायकांच्या डोक्यावर पुन्हा किटल्या आणल्यास, आणि हे मी नाही म्हणत, ठकूआजी म्हणते, खोट रवीत आहे.

रवी हात पुसत उभा राहिला.

“ती मला ओळखते?”

“तिला ओळखावं लागत नाही. तिला दिसतं.”

टेम्पोवाल्यानं किल्ली हळूच परत खिशात घातली. म्हणाला, मी मग येतो. रवीनं ते पाहिलं. त्याचा चेहरा असा काही उतरला की मी त्याच वेळी थांबायला हवं होतं. पण माझ्या पाठीशी सिद्धी उभी होती, मी कशाला थांबतोय?

“तिला इथं आण,” रवी म्हणाला. “माझ्या तोंडावर म्हणू दे. म्हणाली, तर शेडला कुलूप लावतो.”

इतकं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेलो. आजी येईल की नाही धाकधूक होती, पण ती काठी घेऊन तयारच बसली. म्हणाली, मला बी बगायचंच हाय. जनी मागं बसली, सासूला सांभाळायला. उताराला लागल्यावर आजीनं पुढची लोखंडी दांडी धरली, दुसरा हात सीटखालच्या पत्र्यावर टेकला आणि डोळे मिटले. मी समजलो, संचार होतोय. आवाज न करता गाडी चालवायला लागलो. म्हणजे जेवढं माझ्या हातात होतं तेवढं.

शेडवर कालचेच लोक होते, अधिक आणखी दोघं-तिघं. बातमी पसरायला वेळ लागत नाही आमच्याकडे. रवी हाताची घडी घालून उभा. मी आजीला आधार देऊन उतरवलं आणि त्याच्या समोर आणून उभं केलं.

“आजी, हा बघ. आता सांग ह्याला.”

“काय सांगू?”

“तू म्हणालीस ना, खोट रवीत आहे. हा रवी.”

आजीनं मान वर करून त्याला पायापासून केसापर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मराठीत कीव म्हणतात.

“अरे, ह्याला मी कशाला नावं ठेवू? ह्या लेकराला मी आज बगतेय.”

“मग रवी कोण?”

“कोन काय? रवी.” आणि तिनं दोन्ही हात पुढं करून दोरी आळीपाळीनं ओढल्यासारखे केले. एक हात पुढं, एक मागं. “ताक घुसळायची. तुज्या गाडीच्या पोटाखाली फिरते ती, मी उंबऱ्यावरनं रोज बगते ती. तिच्यात खोट हाय.”

कोणीतरी मागं फिसकन हसलं. मी हायवेकडे पाहिलं. एखादी एसटी यावी आणि मी तिच्यात चढून कुठंही, अगदी परत त्या गोदामात निघून जावं, असं वाटलं. आमच्या घरात त्या वेळी ताक मिक्सरमध्ये होत होतं. रवी म्हटलं की मला आठवायचा तो शर्टाला ग्रीस लागलेला हा इसम. लाकडाच्या रवीला मी शेवटचं पाहिलं ते मुंबईला जायच्या आधी.

हसला नाही तो फक्त रवी. तो आजीसमोर उकिडवा बसला.

“आजी, खोट कशी म्हणता?”

मग ती बोलायला लागली, आणि तिथं जमलेले सगळे एकेक करून जवळ सरकत गेले. म्हणाली, रवी खांबाला बांधतात दोन कड्यांनी, एक वर, एक खाली. दोन्ही कड्या एका वळणात पाहिजेत. एक हिकडं आन् एक तिकडं झाली, तर दोरी ओढताना रवी सरळ फिरत नाही, मारते. मडकं नाचतं. लोणी गोळा होऊन येत नाही, फुटून रवे रवे येतं. “ह्याच्या झाकनाला तसंच आलंवतं. मी सूनबायला म्हटलं, ह्यानं कड्या वाकड्या बांधल्यात.”

 रवी उठला, जीपचा मागचा भाग जॅकवर घेऊन लाकडाचे ठोकळे लावले, पुढच्या चाकांना दगड दिले आणि मला गाडी चालू करून सगळ्यात हळू गिअरमध्ये ठेवायला सांगितलं. मागची चाकं हवेत फिरायला लागली. माझा चंदेरी शाफ्टही फिरायला लागला, उन्हात काय चमकत होता सांगू. आजीनं चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या लोखंडावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. अगदी तस्सेच, म्हैस शोधताना मिटायची तसे.

तेव्हा मला कळलं की ती ओहोळातली म्हैस तिला दिसत नव्हती. ती ऐकत होती. गळ्यातल्या घंटेचा आवाज, डोंगरावरून उलटून आलेला, वाऱ्याबरोबर हललेला. आम्ही सगळे तिच्या दारात उभे राहून बडबडायचो म्हणून ती डोळे मिटायची.

“दोनदा मारते,” आजी म्हणाली. “एका फेऱ्यात दोनदा. मोज तू.”

रवीनं शाफ्टवरच्या रंगाच्या एका ओघळावर नजर ठेवली आणि तिच्या हाताशेजारी आपला हात टेकला. ओठ हलत होते. एक, दोन. एक, दोन. मग इंजिन बंद करायची खूण केली आणि कोणाकडेही न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “दांडा वाकला असता, बॅलन्स गेला असता, तर एका फेऱ्यात एकदाच मारला असता. दोनदा म्हणजे जोड चुकलाय. हे मला कारखान्यातल्या साहेबानं चार दिवस शिकवलं होतं.”

मी त्या म्हातारीच्या हाताकडे बघत होतो. शेणानं, ताकानं, दोरीनं घडलेला हात. बारा वर्षांची मुंबई, महाडचं बॅलन्सिंग, दोन जोड रबर, आंबेनळीची दोन वळणं, सगळं त्या हातापुढं कुठल्या कुठं गेलं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि पडलोही. कालपर्यंत सिद्धी म्हणून पडलो असतो. आज खरोखर जास्त खोल वाकलो.

रवी गाडीखाली शिरला. आतून आवाज आला, कपडा द्या, रॉकेल द्या.  मग नुसतं कानस घासल्यासारखं खर्र खर्र. मग त्यानं मला बोलावलं. मी पाठीवर सरपटत आत गेलो. शाफ्ट मधोमध दोन तुकड्यांचा असतो, एकाचे दाते दुसऱ्यात सरकून बसतात. दोन्ही तुकड्यांवर एकेक बाण कोरलेला असतो. बाणासमोर बाण आला पाहिजे, तरच दोन टोकांचे सांधे एका वळणात येतात. रवीनं चंदेरी रंग खरवडून दोन्ही बाण उघडे केले होते. एक माझ्याकडे बघत होता आणि दुसरा त्याच्याकडे.

“क्रॉस घातले तेव्हा मी हा जोड खोलला नव्हता,” रवी म्हणाला. “कोणी खोलला?”

काय सांगू? पूजेच्या दिवशी तो धुताना माझ्या हातात दोन तुकडे होऊन आला होता. मी म्हटलं होतं, वा, आतूनही धुता येईल. आणि मग दाते जिथं बसले तिथं बसवून दिला होता. बाण मला दिसलेही होते. मला वाटलं होतं आधीच्या मालकाच्या वेळी कोणीतरी छिन्नीनं ओरखडलंय. म्हणून त्यांच्यावर रंगाचा तिसरा हात दिला होता.

हे सगळं मी गाडीखाली पडल्या पडल्या सांगितलं.  मग रवीनं शाफ्टवरून बोट फिरवलं.

“रंग चांगला लावलायस.”

पंधरा मिनिटांचं काम. जोड ओढून काढला, बाणासमोर बाण आणला, परत चढवला. मी बाहेर आलो आणि काल ज्या माणसांसमोर जेवढ्या आवाजात बोललो होतो, त्याच माणसांसमोर तेवढ्याच आवाजात म्हणालो, की चूक माझी होती, ह्याची काही चूक नव्हती, आणि मी ह्याच्या नावाला बट्टा लावला.  टेम्पोवाल्यानं खिशातली किल्ली काढून रवीच्या हातात ठेवली.

“रवी, माफ करशील ना रे?”

“बघतो.”

आजीला आणि जनीला घेऊन वर निघालो. चाळीस, पन्नास, काही नाही. चढाला लागलो, काही नाही. इतकी शांत गाडी की मला आजीचा श्वास ऐकू येत होता. तिनं पुन्हा पत्र्यावर हात टेकला, जरा वेळ ठेवला आणि काढून घेऊन पदराखाली घेतला. चालकाला ह्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळत नाही, पण ते रवीचं होतं, मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन भरले. जनी म्हणाली मी बी येते केंद्रावर, बायकांनी बगून यायला सांगितलंय. चुंबळी अजून ओट्यावरच होत्या. पोलादपूरला पोचलो. केंद्रावरच्या माणसानं पहिल्या कॅनचं झाकण उघडलं.  त्यानं झाकण उलटं करून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. मग दुसरं उघडलं. मग तिसरं. मग सगळं दूध मापाला ओतायला घेतलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, एक रवा नाही. जनी तोंडाला पदर लावून उभी होती. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी केंद्रावरच्या माणसाचा हात हातात घेऊन हलवला. त्याला का ते कळलं नाही.

रिकामे कॅन जीपमध्ये चढवले. जनी पुढं बसली आणि म्हणाली, “दादा, म्हातारीनं निरोप दिलाय.”

मी गाडी चालूच केली नाही. निरोप कसा ऐकायचा असतो ते आता मला समजलं होतं.

“नीट सांग. शब्दन् शब्द.”

“म्हंते, परत रवीच्या वाटंला जाऊ नको.”

“कुठल्या रवीच्या?”

“ते मी इचारून ठेवलंय,” जनी म्हणाली. “दोनीच्या.”